राम आळीतला टी-शर्ट

“लेबल कापून देऊ काय, काका?” असं विचारून नम्रताने उत्तराची वाट न पाहता काउंटरवरची छोटी कात्री उचलली. विचारलं ते अगदी सहज, किराणावाला पिशवी देऊ काय म्हणून विचारतो तसं. अहमदच्या हातात तेव्हा गडद निळा टी-शर्ट होता. तो उलटा करून डाव्या बगलेखालच्या शिवणीवरून तो अंगठा फिरवत होता. अंगठा तिथेच थांबला. पायाशी त्याची मोठी बॅग उभी होती आणि तिच्या मुठीला विमानतळावर लावलेली कागदी पट्टी अजून चिकटलेली होती.

“कशाला?” तो म्हणाला.

“नको तर राहूदे. गल्फवरनं आलेली माणसं कापूनच मागतात म्हणून विचारलं. घरी नेऊन ब्लेडनं कापत बसतात, नि कापडाला भोक पडलं की परत आमच्याकडेच येतात.” ती हसली. तिशीची, बोलकी बाई. तासाभरापासून ती त्याला एकामागून एक टी-शर्ट काढून दाखवत होती आणि तो एकेक उलटा करून परत देत होता. “तुम्ही पण तिकडचेच ना? बॅगेवर लिहिलंय.”

त्याने खाली वाकून ती पट्टी ओढली. ती लांब निघाली, मग अर्ध्यात फाटली. फाटलेला तुकडा त्याने खिशात ठेवला. कानांच्या पाळ्या गरम झाल्याचं त्याला जाणवलं. त्रेपन्न वर्षांच्या माणसाच्या पाळ्या अशा गरम होतात हे त्याला नवीन होतं. चोरी पकडली गेल्याची लाज त्यात होतीच, पण त्याहून वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पनवेलपासून इथवर गाडीत खिडकीला डोकं टेकून इथलाच माल तिकडचा म्हणून घरी नेण्याची जी युक्ती आपण एकट्याने शोधून काढली असं तो समजत होता, तिच्यासाठी इथे कात्री काउंटरवर तयार होती.

शारजाच्या हॉटेलातलं काम महिन्यापूर्वी सुटलं होतं. हॉटेलने आपली लाँड्री बंद करून धुणं बाहेरच्या कंपनीला दिलं आणि बारा जणांना घरचा रस्ता दाखवला. अठ्ठावीस वर्षं तो त्या तळघरात होता, चादरी, टॉवेल आणि पाहुण्यांचे कपडे यांच्यात. घरी त्याने काहीच सांगितलं नव्हतं. नेहमीसारखा दीड महिन्याच्या रजेवर येतोय, एवढंच. मैमुनाला, म्हणजे बायकोला, त्याने संध्याकाळची गाडी सांगितली होती आणि आला होता सकाळच्या गाडीने. मधले पाच तास त्याला बाजारासाठी हवे होते. बॅगेत खजूर होते, बाम होता, दुधाच्या पावडरचा डबा होता. नव्हते ते टी-शर्ट; पगार थांबल्यावर तिकडच्या भावाने ते घ्यायला हात धजला नव्हता. आणि तिकडून येणारा पुरुष घरातल्या पुरुषांसाठी टी-शर्ट न आणता गावात, मजगावात, शिरला, असं त्याच्या आठवणीत झालेलं नव्हतं. बाकी कोणाला एखाद्या वेळी चुकवता आलं असतं. जिब्रानला चुकवता येत नव्हतं.

जिब्रान हा त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाचा, दादाचा मुलगा. चोवीस वर्षांचा, मिरकरवाड्याच्या जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, हात चांगला आहे. वर्षभर तो मागे लागला होता: चाचा, मना तुमच्याकडं लावा. अहमद ‘बघतो’ म्हणत आला होता. ‘बघतो’चा अर्थ पोराने हो असा घेतला आणि मुंबईच्या एका एजंटाशी बोलून ठेवलं. आज शुक्रवार. सोमवारी तो पासपोर्ट आणि आईच्या बांगड्या मोडून आणलेले पैसे एजंटाच्या हातात देणार होता. मैमुनाने हे फोनवर सांगितलं तेव्हा अहमद शारजाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसला होता. ती म्हणाली होती, “तुमी आयल्यावर नक्की करतो बोलतोय. तुमच्या तोंडातनं ऐकायचा हाय त्याला.” तो म्हणाला होता, बघतो.

“हा बघा, यात काय खोट काढताय ते बघूया,” नम्रताने एक राखाडी टी-शर्ट त्याच्यासमोर पसरला. “कंपनीचा माल आहे. पोरं हाच मागतात.”

त्याने तो उचलला आणि हात आपोआप कामाला लागले. दोन मुठींत कापड धरून आडवं ताणायचं, सोडायचं, पूर्वीच्या जागी किती लवकर येतं ते बघायचं. गळ्याची पट्टी बोटावर ओढून सोडायची. रुमालाचं टोक ओलं करून आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी घासायचं आणि रुमालावर रंग आला का ते पाहायचं. खांद्यावर आतून पट्टी शिवलेली आहे की नुसताच दोरा मारलाय ते चाचपायचं. टी-शर्ट मधोमध दुमडून दोन्ही बाजूंच्या शिवणी एकावर एक बसतात का पाहायचं. नाही बसल्या तर समजायचं की कापड बेतताना तिरकं गेलंय आणि तिसऱ्या धुण्याला बाजूची शिवण पोटावर फिरून येणार. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. दुकानदाराच्या हातात कपड्याचा पहिला दिवस असतो. त्याच्या हातांतून अठ्ठावीस वर्षं कपड्यांचे पुढचे सगळे दिवस गेले होते. मोठ्या नावाचे, छातीवर बारीकसा प्राणी किंवा नक्षी शिवलेले टी-शर्ट, ज्यांच्या एकाच्या किमतीत त्याच्या खोलीतल्या दोघांचं महिन्याचं जेवण झालं असतं, ते चार वेळा धुऊन वाफेच्या इस्त्रीखालून गेल्यावर गळ्याशी लोंबताना त्याने पाहिले होते. आणि मळक्या बॅगेतून आलेला कोणा ड्रायव्हरचा बिननावाचा जाड सुती टी-शर्ट वर्षानुवर्षं तसाच येत राहिलेलाही पाहिला होता. त्याची घडी घालताना त्याला दरवेळी बरं वाटायचं. घालणारा माणूस त्याने कधी पाहिला नाही.

“याच्या शिवणी फिरतील,” त्याने राखाडी टी-शर्ट परत केला.

“बाई गं! धुवायच्या आधीच?”

“धुवायच्या आधीच बघायचं असतं.”

“ओ आप्पा, ऐकताय काय? तुमच्यापेक्षा चिकट गिऱ्हाईक आलंय,” ती मागे वळून म्हणाली. दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात तिचे सासरे सखारामशेठ खुर्चीत बसले होते. वय ऐंशीच्या आसपास, मांडीवर वर्तमानपत्र. दुकान त्यांनीच टाकलं होतं, आता बसायला येत. त्यांनी चष्म्यावरून अहमदकडे पाहिलं.

“बघूदे की. पैसे त्याचे जाणार,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “कुठले तुम्ही?”

“मजगाव.”

“मजगावचं गिऱ्हाईक जुनं आमचं. कुवेतचं भांडण झालं ना, नव्वद साली, तेव्हा तर रांग लागायची हो इथे. सगळं तिकडंच टाकून आली ती माणसं. कोण कोण महिनाभर वाळवंटातनं फिरून आलेले. अंगावरचे कपडे तेवढे. पण घरी मोकळ्या हातानं जायची लाज. तर स्टँडवर उतरून आधी इकडे यायचे, टी-शर्ट घ्यायचे, नि इथंच, या बाकड्यावर बसून लेबलं उसवायचे. मी सुई ठेवली होती त्याच्यासाठी. कात्री हिनं आणली.” म्हातारा हसला नाही. “माल पुरेना मला. शेवटी पिवळे राहिले होते, कोणी घेत नसे, हलका माल होता. ते पण गेले. पिवळे पण गेले सगळे.”

अहमद बाकड्यावर बसला. कोणी बसा म्हटलं नव्हतं. दुकानाबाहेर राम आळीत एक रिक्षा मागे घेताना कोणीतरी ओरडत होतं, ते त्याला लांबून आल्यासारखं ऐकू आलं. ऑक्टोबरचा उकाडा होता, पंख्याचा वारा पाठीवर पडत होता आणि शर्ट पाठीला गार चिकटला होता. दादा आला तोही ऑक्टोबरच होता. कुवेतहून अम्मानला, अम्मानहून मुंबईला, मुंबईहून एसटीने. सगळं गेलं, पण जीव वाचला, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. आणि दादाने हातातली कापडी पिशवी ओसरीवर उलटी केली होती. त्यातून पाच टी-शर्ट पडले. अठरा वर्षांच्या अहमदच्या वाट्याला आला तो पिवळा. असा पिवळा त्याने पाहिलेला नव्हता. अबोलीच्या फुलातला गाभा असतो तसा काहीतरी, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. आता त्याला कळलं की तो रंग चांगला नव्हताच, फक्त भडक होता. त्या रात्री तो टी-शर्ट त्याने उशाखाली ठेवला. जे लोक सगळं गमावूनही असलं काही घेऊन येतात, त्यांच्या मुलखात किती असेल, हा हिशोब त्याने तिथेच, त्या उशीवर केला. बाकीचं आयुष्य तो तोच हिशोब सोडवत होता.

पहिल्याच धुण्याला रंग गेला. आईच्या पांढऱ्या ओढणीला डाग लागले आणि टी-शर्टची शिवण फिरून पोटावर आली. अहमद आईवर ओरडला होता. असा तो पूर्वी ओरडला नव्हता आणि नंतरही नाही. तुला कळत नाय, तिकडचा कापड हाय तो, खाऱ्या पाण्यात घातलास, सोडा घातलास, तिकडचा कापड असा धुतात काय? आई विहिरीच्या काठावर ओले हात घेऊन उभी होती. तिने एवढंच म्हटलं, “मना काय म्हायत, बाबा.” आणि त्यानंतर तिकडून आलेला कुठलाही कपडा तिने स्वतःच्या हाताने धुतला नाही. अहमद शारजाला गेल्यावर त्याने पाठवलेल्या चादरीसुद्धा ती मैमुनाकडे द्यायची, माझ्या हातानं खराब होतात म्हणायची. पंधरा वर्षं म्हणत राहिली. म्हणतच गेली.

दादा त्या दिवशी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. अहमदला तो आता स्वच्छ दिसला, लुंगी वर खोचलेली, दाढी वाढलेली. त्याने एक शब्द काढला नव्हता. लहान भाऊ आईला बोलत असताना तो ते ऐकत राहिला आणि मग आत गेला. इतकी वर्षं अहमद समजत होता की युद्धातून आलेला माणूस असाच गप्प असतो. दादा कधीच परत गेला नाही. गुहागरच्या एका बागायतदाराकडे नारळसुपारीच्या हिशोबाला लागला, आणि अहमदने पासपोर्ट काढला तेव्हा एकदाच म्हणाला, “नीट बघून जा.” अहमदला ते मत्सराचं बोलणं वाटलं. आपलं बुडालं म्हणून भावाचं होऊ नये असं वाटणारा माणूस, असं त्याने दादाला मनातल्या मनात ठरवून टाकलं आणि पुढे त्याच्या मयतीला रजा मिळाली नाही, तेव्हा त्या ठरवण्याचा त्याला थोडा आधारही झाला.

आणि तो स्वतः? त्याने काय आणलं होतं? पहिल्या रजेला शारजाच्या बाजारातून सहा टी-शर्ट घेतले, खोलीवर येऊन उलटे केले, तर चारांवर तिरुपूरचं नाव. आपल्याच देशातून जहाजाने तिकडे गेलेला माल तो विमानाने परत आणत होता. खोलीतले सगळे हसले होते. एका केरळच्या माणसाने त्याला नखं कापायची कात्री दिली. तेव्हापासून दर रजेला निघायच्या आदल्या दिवशी तो ते काम करत आला होता, दोरा दोरा काढून, कापडाला धक्का न लावता. कोणी विचारलं असतं तर म्हणाला असता, मानेला टोचतं म्हणून. कोणी विचारलं नाही. लहानपणी जिब्रान त्याचे टी-शर्ट गुडघ्यापर्यंत लोंबत असले तरी घालून फिरायचा आणि शाळेतल्या पोरांना म्हणायचा, शारजाचा आहे, माझ्या चाचानं आणलाय. अहमदने ते ऐकलं होतं आणि त्याला गोड वाटलं होतं.

“पाणी देऊ काय काका? बरं वाटत नाय काय?” नम्रता काउंटरमागून बाहेर आली होती.

“नको. मघाचा तो निळा द्या.”

“निळा? तुम्ही तर दोनदा परत केलात.”

“तो चांगला आहे.” तो खरोखरच चांगला होता. तासाभरात हातांखालून गेलेल्या सगळ्यांत तोच एक. जाड पण श्वास घेणारं कापड, गळा घट्ट, शिवणी एकावर एक, खांद्याला आतून पट्टी, रुमालावर रंग नाही. त्याने तो दोनदा परत केला होता, कारण किंमत जास्त होती आणि दिसायला तो काहीच नव्हता. छातीवर काही नाही, चकाकी नाही. तिकडून आणलाय म्हणून सांगितला असता तर कोणाचा विश्वास बसला नसता. ही गोष्ट आता त्याच्या लक्षात आली आणि आपण इतका वेळ टी-शर्ट तपासत होतो की खोटं बोलायला योग्य असा टी-शर्ट शोधत होतो, हे त्याला सांगता येईना.

“एकच?”

“एकच.”

तिने घडी घातली. कात्री तिच्या हातात होती आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. या वेळी तिने तोंडाने विचारलं नाही.

“राहूदे,” तो म्हणाला.

सखारामशेठनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. “टिकेल,” ते कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही.

रिक्षा मजगावच्या रस्त्याला लागली तेव्हा तीन वाजले होते. दोन्ही बाजूंना पावसाने काळी पडलेली जांभ्या दगडाची कुंपणं, त्यांच्यावर वाळत घातलेली गोधडी, कापणीला आलेल्या भाताचा वास. वाक्य कसं सुरू करायचं ते त्याला सुचत नव्हतं. लाँड्री बंद झाली, असं? की मी आता जाणार नाही, असं? दुसऱ्यात थोडी अब्रू होती, स्वतः ठरवल्यासारखं वाटलं असतं. ‘वय झालं, कंटाळा आला’ असंही म्हणता आलं असतं आणि मग जिब्रान सोमवारी निघाला असता, कारण कंटाळा चाचाला आलाय, त्याला नाही. त्याने रिक्षावाल्याला एकदा थांबायला सांगितलं, उतरला, रस्त्याच्या कडेला उभा राहिला. वाक्य सुचलं नाही. परत येऊन बसला.

घरी मैमुना पडवीत मासे साफ करत होती. तिने मान वर केली आणि सुरी तशीच धरून उभी राहिली. “या अल्ला! तुमी तर सांजच्या गाडीनं येणार होताव.”

“सकाळची मिळाली.”

“मग सकाळपासून होताव कुठं?” तिने विचारलं, आणि त्याच वेळी जिब्रान घराच्या कोपऱ्यावरून आला. हाताला काळं तेल, अंगात बाह्या फाडलेला शर्ट. मोटरसायकल ढकलत आणली होती. “चाचा! आयलाव? मी स्टेशनवर घ्यायला येणार होतो.” बॅग उचलायला त्याने हात पुढे केला, तेलाचे हात बघून मागे घेतला. अहमदच्या हातातली कागदी पिशवी त्याने पाहिली. दुकानाचं नाव बाहेरच छापलेलं होतं, पण जिब्रानने ते वाचलं नाही. या घरात चाचाच्या हातातली पिशवी कोणी वाचत नसे. हात पायजम्याला पुसून त्याने टी-शर्ट बाहेर काढला, उलगडला, छातीवर काही आहे का बघितलं.

“शारजात आता असला साधा चालतो काय?”

“शारजाचा नाय. राम आळीतला हाय. आता घेतला.”

जिब्रान हसला. “चाचा मस्करी करतायत, चाची.”

“मस्करी नाय. तिकडचा काम सुटला माझा. महिना झाला. परत जायाचा नाय.” वाक्य असं निघालं. अब्रूचं कुठलंच नाही. “आनि तिकडनं आणायचो ते पण इकडचेच असायचे. बरेचसे. मी नावं काढून टाकायचो.” तो दादाबद्दलही बोलणार होता, पण मैमुनाने सुरी खाली ठेवली. मासळीच्या हातानेच ती पडवीच्या कठड्यावर टेकली. तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर होतं, एखाद्याला ताप आहे का बघतात तसं. पडवीत एक मांजर आलं आणि तिने त्याला हाकललं नाही.

जिब्रान टी-शर्ट हातात धरून उभा होता. “मग सोमवारचा काय?” तो म्हणाला. “मी जेटीवर सांगून टाकला ना. आईनं बांगड्या मोडल्या. तुमी वर्षभर बघतो बघतो बोलताव, नि आता बोलताव सुटला? आधी सांगायला काय झाला व्हता तुमाला?”

अहमदकडे याचं उत्तर होतं ते फार लांब होतं, आईच्या विहिरीपर्यंत जाणारं. तो म्हणाला, “लाज वाटली.”

पोराने मान फिरवली. आता तो निघून जाईल, मोटरसायकल उचलून जेटीवर जाईल, आणि सोमवारी मुंबईला, असं अहमदला वाटलं. त्याचं तसं जाणं बरोबरही ठरलं असतं. पण जिब्रान गेला नाही. त्याने टी-शर्ट उलटा केला, बोट घालून किमतीचा कागद बाहेर ओढला. “ह्याचं एवढं दिलाव? जेटीवर निम्म्यात मिळतात.”

अहमदला क्षणभर कळेचना की काय झालं. अठ्ठावीस वर्षांत त्याने या घरात आणलेल्या कुठल्याही वस्तूची किंमत कोणी काढली नव्हती. महाग आहे असं कोणी म्हटलं नव्हतं, फसलात असंही नाही. “निम्म्यातला तीन महिने जातो,” तो म्हणाला. “हा चार वर्षं जाईल. शिवण बघ.” जिब्रानने शिवण बघितली, इंजिनाचा सुटा भाग बघतात तशी, डोळे बारीक करून, प्रकाशाकडे धरून. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून पाहिल्या. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग तो पडवीच्या पायरीवर बसला. टी-शर्ट त्याने तेल लागू नये म्हणून कोपरांवर तोलून धरला होता. अजून त्याचा राग गेलेला नव्हता, आवाजात होता.

“जायाचा का नाय ते मी ठरवीन,” तो म्हणाला. “पण आता विचारतंय ते खरा सांगा. खोलीत किती माणसा व्हती?”

मैमुनाही ऐकत होती. तिनेही हे कधी विचारलं नव्हतं. अहमदने बॅग भिंतीला लावली आणि जिब्रानच्या शेजारी पायरीवर बसला.

“आठ,” तो म्हणाला. “आठ माणसा, नि खिडकी नाय.”